फौजी टपाल, होस्टेलचा पत्ता: वाचकांचे प्रश्न

घरातल्या जुन्या कागदपत्रांविषयी या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न एकाच धाग्याचे आहेत. युद्धावर गेलेला जवान, सोलापुरात शिकणारी मुलगी आणि दोघांमधली पत्रं. म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९७१ च्या सुमारास, लग्नाआधी, त्यांनी आजीला कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलेली साठेक इनलँड पत्रं तिच्या ट्रंकेत सापडली. पाठवणाऱ्याचा पत्ता सगळीकडे '९९ ए.पी.ओ.'. काहींवर तिथी आहे, बाकीच्यांवर काहीच नाही. ती कुठून आणि कोणत्या क्रमाने लिहिली, हे कसं कळेल? (उत्तर कसबा)

मजकूर वाचून गठ्ठे पाडू नका. ट्रंकेत पत्रं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने प्रत्येकाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक आकडा टाका. तो क्रम आजीने लावलेला असू शकतो आणि एकदा मोडला की परत मिळत नाही.

मग पत्र उलटं धरून बाहेरची बाजू वाचा. ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. '९९' हे गावाचं नाव नाही. ढोबळमानाने पूर्वेकडच्या तुकड्यांचं टपाल ९९ वर आणि बाकीच्यांचं ५६ वर जाई. गोल शिक्क्यावर 'एफ.पी.ओ.' आणि एक क्रमांक असतो. हे फिरतं फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर पुढे सरकत असे. त्यामुळे त्याच क्रमांकाचं पत्र दोन महिन्यांच्या अंतराने अगदी वेगळ्या मुलखातून आलेलं असू शकतं. ठिकाण लिहायला जवानांना मनाई असे, तेव्हा मजकुरात गावाचं नाव नाही म्हणून निराश होऊ नका. शिक्का पुसट असेल तर त्यावर पेन्सिल घासू नका. खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरा आणि मोबाइलने फोटो काढा. ठशाची खोलगट रेघ दिसते.

आता तिथी. शके १८९३ असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. ३ ते १६ डिसेंबर १९७१ हे युद्धाचे दिवस त्या शकाच्या मार्गशीर्ष वद्य पक्षात येतात. वद्यातली एकापाठोपाठ चार-पाच पत्रं मिळतील अशी आशा धरू नका, उलट तिथेच मोठा खंड सापडण्याची शक्यता जास्त. आजोबा पहिल्या मराठात, म्हणजे जंगी पलटणीत असतील तर ती पलटण पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) जमालपूरच्या लढाईत होती आणि जमालपूर ११ डिसेंबरला पडलं. अशा वेळी खंड म्हणजे पत्र हरवलं असं समजू नये. लिहायला सवड नसे आणि टपालही अडकत असे.

पत्त्यात पिन कोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिन नसल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लोकांना तो लिहायची सवय लागायला वर्षं गेली. आजीची काही पाकिटं परत आलेली असतील तर त्यांवर निर्वासितांच्या मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट शोधा. ते १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेरपर्यंत लागत होतं.

शेवटी वहीत पाच रकाने आखा: आकडा, लिहिल्याची तारीख, एफ.पी.ओ.चा शिक्का, सोलापूरला पोचल्याचा शिक्का आणि 'तुझं अमक्या तारखेचं मिळालं' असा उल्लेख. हा पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. आजीची पत्रं आघाडीवरच फाटली, भिजली असणार. तिने केव्हा काय लिहिलं ते आता याच उल्लेखांतून जुळवायचं आहे. 'पेपर कसा गेला' असं वाक्य आलं की तिच्या गुणपत्रिकेवरचं वर्ष आणि सत्र पाहा. सोलापूरची कॉलेजं तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हा गुणपत्रिका तिथली असेल.

प्रश्न : आईच्या कपाटात 'तुझी मैत्रीण' अशी सही असलेली सात पत्रं आहेत. अक्षर मात्र वडिलांसारखं वाटतं. ते तेव्हा सैन्यात होते. खात्री कशी करावी? (साखर पेठ)

आधी शिक्का पाहा. होस्टेलवर फौजी शिक्क्याचं पत्र आलं की रेक्टरच्या नजरेतून सुटणं अवघड, मग सहीत मैत्रीण असून उपयोग काय? 'आर.एम.एस.' असा शिक्का असेल तर पत्र रेल्वे टपालात पडलेलं आहे, म्हणजे रजेवर येता-जाता एखाद्या स्टेशनवर टाकलेलं. तारखा वडिलांच्या रजेशी जुळल्या तर निम्मं काम झालं.

अक्षर ताडताना एकूण वळण पाहून फसायला होतं. वडिलांचं एखादं निर्विवाद पत्र शेजारी ठेवा आणि झ, ण, ल, श यांची घडण, शिरोरेघ कुठे तुटते आणि जोडाक्षरातला र कसा काढलाय एवढंच तपासा. अनुस्वारही पाहा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण आधी शिकलेल्यांचा हात 'नाहीं', 'कांहीं' लिहीतच राहिला. सही बदलता येते, ही खोड सहसा बदलत नाही.

प्रश्न : पत्रं घडीवर फाटली आहेत, निळी शाई उडत चालली आहे, कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घेऊ का? (जुळे सोलापूर)

मुळीच नको. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे मुरतात. सेलोटेपही नको, काही वर्षांत तो पिवळा डाग ठेवून गळून पडतो.

कसरीसाठी डांबरगोळ्या पत्रांत घालू नका. पत्रं दोन पुठ्ठ्यांत धरून झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि घरच्या फ्रीझरमध्ये (उणे १८ अंश) दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. घाईने उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि फाउंटन पेनची शाई पसरते. त्याच कारणाने वाफ देऊन घड्या सरळ करणंही टाळा. गंजलेली टाचणी ओढू नका. तिच्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून ती हळूच मोकळी करा.

फाटक्या घड्या जोडण्यापेक्षा प्रत्येक पत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात उलगडून ठेवा. पीव्हीसीची पाकिटं वासावरून ओळखू येतात, ती शाई ओढून घेतात. गुंडाळायचंच असेल तर दोनदा धुतलेलं पांढरं मांजरपाट घ्या. सोलापुरात चादर हाताशी असतेच, पण नव्या रंगीत चादरीचा कच्चा रंग पावसाळ्यात कागदावर उतरतो. पत्र्याखालचा माळा ही सगळ्यांत वाईट जागा: एप्रिल-मेच्या तापाने कागद कडकडीत होतो आणि मृगाच्या सरीनंतर दमट. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट बरं.

स्कॅन रंगीत, ६०० डीपीआयवर, टिफमध्ये करा. कोऱ्या बाजूही सोडू नका. उडालेली निळी शाई वाचायची असेल तर फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त लाल चॅनल उघडा. पिवळा कागद पांढरा पडतो आणि अक्षरं काळी होऊन वर येतात.

प्रश्न : आजोबांची पत्रं छापून नातेवाइकांना वाटायची आहेत. कागद आमच्याकडे आहे, म्हणजे हक्कही आमचाच ना? (बाळे)

नाही. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. तेव्हा आजोबांच्या सगळ्या मुलांची लेखी संमती घ्या, नुसत्या थोरल्याची नको. आजीची पत्रं छापणार असाल तर तिच्या वारसांचीही. पत्रांत सोबत्यांची नावं, कुणाच्या घरची भांडणं किंवा आजार आले असतील तर तेवढी वाक्यं गाळा आणि गाळल्या जागी तीन टिंबं द्या.