चार टीबीची डिस्क, पण दोनच टीबी दिसते

प्रश्न : ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर ४ टीबीची दुसरी डिस्क जोडली. मॅन्युअलात एकाच 'पार्टिशन' शब्दाचे दोन अर्थ निघतात, आणि वापरायला २ टीबीच मिळते. काय चुकतंय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : गोंधळ तुमचा नाही, शब्दाचा आहे. एफडिस्क ही आज्ञा करते ती डिस्कची बाहेरची वाटणी. तिच्या आत डिस्कलेबल ही दुसरी आज्ञा जे ए, बी, डी असे भाग पाडते, त्यांनाही मॅन्युअल पार्टिशनच म्हणतं. वाड्याचं कुंपण आणि आतल्या खोल्या, दोन्हींना एकच नाव!

एमबीआर म्हणजे बाहेरच्या वाटणीची जुनी नोंद-पद्धत; तिच्यात सेक्टरचा (डिस्कच्या छोट्या तुकड्याचा) आकडा ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर मर्यादा २ टीबीलाच संपते. म्हणून एफडिस्कला 'आय'ऐवजी 'जी' पर्याय देऊन जीपीटी ही नवी नोंद-पद्धत लिहा. आधी सिस्कटीएल या आज्ञेने 'एचडब्ल्यू.डिस्कनेम्स' (जोडलेल्या डिस्कची यादी) विचारून डिस्कचं नाव पक्कं करा. 'वाय' पर्याय जोडलात तर एफडिस्क काही न विचारता जुनी वाटणी पुसते.

मग डिस्कलेबल, मोठ्या 'ई' पर्यायासह. 'ए' भाग जोडा, प्रकार ४.२बीएसडी (ओपनबीएसडीची नेहमीची फाइल सिस्टीम). 'सी' म्हणजे अख्खी डिस्क, त्याला हात लावू नका. त्यानंतर 'ए' भागावर फाइल सिस्टीम तयार करणारी न्यूएफएस चालवा.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटवेळी कोणते भाग जोडायचे त्या यादीत, एसडी१ए (दुसऱ्या डिस्कचा 'ए' भाग) असं नाव लिहू नका. बूट करताना पेनड्राइव्ह लावलेला असेल तर क्रमांक सरकू शकतो, फाइल सिस्टीम तपासणारा एफएसचेक अडतो आणि यंत्र सिंगल-युजरमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, थांबतं. त्याऐवजी डिस्कलेबल दाखवते तो १६ अक्षरी डीयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख), टिंब आणि 'ए' लिहा. रीबूटआधी माउंट करून, म्हणजे तो भाग प्रत्यक्ष जोडून, बघा.