धुळे रेल्वे स्टेशन किती जुनं आहे? पुनर्विकासाने गावाला खरंच फायदा झाला का?

स्टेशन 1900 सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षांचं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या ब्रिटिशकालीन रेल्वे कंपनीची मुख्य लाइन मनमाडहून चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला गेली आणि धुळं बाजूला राहिलं. मग चाळीसगावहून जामदा, शिरूडमार्गे सुमारे 56 किलोमीटरचा फाटा टाकला. तो धुळ्यातच संपतो, आणि खरी अडचण हीच. एवढं जिल्ह्याचं ठिकाण, पण पुढे जाणारी गाडी नाही. लांबच्या बहुतेक गाड्यांसाठी आजही चाळीसगाव गाठावं लागतं.

‘अमृत भारत’ या स्टेशनांच्या पुनर्विकासाच्या केंद्रीय योजनेत स्टेशनचं काम झालं. 22 मे 2025 रोजी देशातल्या 103 स्टेशनांबरोबर त्याचं उद्घाटन झालं. केळीच्या वाहतुकीसाठी ओळखलं जाणारं रावेर तालुक्यातलं सावदाही त्याच यादीत होतं. स्टेशन देखणं झालं, याचा आनंदच आहे. पण माझ्या मते धुळेकरांनी खरा जोर धुळ्यावरून जाणाऱ्या नव्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गासाठी लावावा. 309 किलोमीटरच्या या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तो झाला की धुळं शेवटचं स्टेशन राहणार नाही, आणि शिरपूरलाही रेल्वे मिळेल.