जेवून आडवं झालं की जळजळ, सकाळी घसा बसलेला: हे ॲसिड रिफ्लक्स आहे का?

तुम्ही लिहिलंय की रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळतं, सकाळी घसा बसलेला आणि तोंड आंबट-कडू, आणि घरचे म्हणतायत गॅस असेल, ओवा चाव. मी डॉक्टर नाही, मालवणच्या बाजूला माझं मेडिकल आहे, पण ही तक्रार काउंटरवर रोजचीच. तुमचं मला रिफ्लक्सच वाटतंय, आणि ते नुसत्या जळजळीमुळे नाही, "आडवं झालं की" असं लिहिलंत म्हणून.

अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे स्नायूची एक झडप असते, घास खाली गेला की ती मिटते. ती ढिली पडली की पोटातलं ॲसिड वर येतं, आणि आडवं झाल्यावर किंवा वाकल्यावर तर त्याला रस्ता मोकळाच. म्हणून कुणी "माका गॅस धरलो हा" म्हणत आलं की मी आधी विचारतो, कधी होतं? जेवणानंतर तासाभरात, खाली बसून वाकून मासे साफ करताना, झोपल्यावर, असं उत्तर आलं आणि घशाशी आंबट पाणी येत असेल तर बहुतेक वेळा हेच निघतं.

गंमत म्हणजे काहींना जळजळ होतच नाही. सारखं खाकरणं, रात्रीचा कोरडा खोकला, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं, जुनं दुखणं असेल तर दातांची झीज, एवढंच. दशावतारात काम करणारा एकजण माझ्याकडून खोकल्याच्या बाटल्या न्यायचा, नाटक संपलं की उशिरा भरपेट जेवण आणि लगेच झोप, शेवटी घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि औषध दिलं ते पित्ताचं. तुमचा बसलेला घसा त्यातलाच असू शकतो.

आता महत्त्वाचं. घाटी चढताना, पाण्याची कळशी उचलताना छातीत दाटून येतं आणि थांबलं की बरं वाटतं, किंवा दरदरून घाम, धाप, डावा हात नाहीतर जबडा दुखणं, असं काही असेल तर ते पित्त समजू नका, तडक दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा. पित्ताचं जेल पिऊन बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नाही, असं अजिबात नसतं. शुगरवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, त्यांना छातीत फारसं न दुखताही ॲटॅक येऊ शकतो. तसंच घास गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, यातलं काहीही असेल तर गोळ्या घेत बसू नका, डॉक्टर एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) सांगतील ती करून घ्या. उलटीत रक्त किंवा काळी शी दिसली तर त्याच दिवशी जा.

खाण्याचं म्हणाल तर सोलकढीवर मी बोललो की लोक भांडायला उठतात, पण आगळ म्हणजे कोकमाचा रस आंबट आणि नारळाच्या दुधात फॅट, काहींना त्याने बरं वाटतं आणि काहींची जळजळ वाढते, तुम्ही स्वतःचं बघा. पुदिना मात्र थंड म्हणून खाऊ नका, त्याने झडप उलट सैल पडते. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका, डाव्या कुशीवर झोपा, आणि उशांवर उशा रचण्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचाचा टेकू द्या, उशांनी पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करणारी गोळी, डॉक्टरांनी दिलं तर सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं, निम्मे लोक जेवणावर घेतात आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणतात. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. बीपीच्या ॲम्लोडिपिनने किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांनीही हा त्रास वाढू शकतो, पण नुसतं "बीपीची बारकी पांढरी गोळी" सांगितलंत तर डॉक्टर तरी काय ओळखणार, तसल्या माझ्याकडे फळीभर आहेत.