जुळी, जनुकं आणि शोधनिबंधांची मोजदाद

माणसाच्या बुद्धीत आणि स्वभावात जनुकांचा वाटा किती, हे मोजणारी शाखा म्हणजे वर्तन-आनुवंशिकी. तिच्याबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : बुद्धी ५० टक्के आनुवंशिक असते असं वाचलं. म्हणजे नातवाच्या शंभर मार्कांतले पन्नास आईबापांचे आणि पन्नास त्याच्या अभ्यासाचे, असं समजायचं का?
— निवृत्त शिक्षक, धरमपेठ

उत्तर : नाही. हा आकडा कुठल्याच एका मुलाचा नसतो. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा असतो. काटोलकडची संत्र्याची बाग घ्या. जंबेरीच्या खुंटावर एकाच मातृवृक्षाचे डोळे भरून केलेली पाचशे कलमं लावली, तर जनुकं सगळ्यांची जवळपास सारखीच. तरी पाण्याच्या कडेचं झाड लदलदून येतं आणि मुरमाड कोपऱ्यातलं खुरटतं. या बागेत झाडाझाडांतल्या फरकात जनुकांचा वाटा जवळपास शून्य निघेल. म्हणून संत्र्याची गोडी जनुकांवर नाही, असं कोणी म्हणेल का? आता नाना जातींची रोपं एकसारख्या मातीत, एकाच ठिबकवर वाढवा. फरक बहुतेक सगळा जनुकांचा दिसेल. आकडा त्या बागेचा असतो, संत्र्याचा नव्हे.

माणसांत तो जुळ्यांवरून काढतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ पूर्ण सारखी असतात. द्विबीज जुळ्यांत, माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी. समजा एका चाचणीत एकबीज जोड्यांमधला सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांचे गुण किती जुळतात याचं माप (पूर्ण जुळले तर १, काहीच नातं नसेल तर ०), ०.७४ आला आणि द्विबीजांमधला ०.४६. फरक ०.२८, त्याची दुप्पट ०.५६. हा जनुकांचा वाटा. ०.७४ मधून ०.५६ गेले की ०.१८ उरतात, तो घर एकच असल्याचा वाटा. आणि १ मधून ०.७४ वजा केल्यावर राहिलेले ०.२६ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं आलेलं काहीबाही. चाचणीच्या मोजमापातली चूकही त्यातच. आनुवंशिकीतज्ज्ञ फाल्कनर यांचं हे सूत्र पाटीवर मांडता येण्याइतकं सोपं आहे.

मेख नमुन्यात असते. हेच सहसंबंध दोन्ही प्रकारच्या ५०-५० जोड्यांवरून आले असतील, तर ०.५६ च्या खालीवर सुमारे ०.५ ची अनिश्चितता राहते. म्हणजे खरा आकडा ०.०५ आहे की १, हेही सांगता येत नाही. ५००-५०० जोड्या घेतल्या की पट्टा ०.४० ते ०.७२ इतका अरुंद होतो.

पन्नास टक्क्यांचा आकडा बहुधा २०१५ च्या मोठ्या संकलनातून तुमच्यापर्यंत आला असावा. त्यात २,७४८ निबंध आणि १७,८०४ गुणधर्म एकत्र केले होते आणि सरासरी ४९ टक्के निघाली. ही सरासरी सगळ्या गुणधर्मांची, एकट्या बुद्धीची नाही. बुद्धीचा आकडा तर वयाबरोबर चढतो. चार देशांतल्या सुमारे ११ हजार जोड्यांवरच्या २०१० च्या अभ्यासात तो ९ व्या वर्षी ४१ टक्के होता, १२ व्या वर्षी ५५ आणि १७ व्या वर्षी ६६. एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतली सात वर्षांची जुळी तपासली, तेव्हा गरीब घरांत तो जवळपास शून्यावर आला. तसा फरक पुढे अमेरिकेतल्या इतर अभ्यासांत दिसला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात मात्र नाही. बाग बदलली की आकडा बदलतो, तो असा.

प्रश्न : या विषयातल्या एकेका शास्त्रज्ञाच्या नावावर शेकडो शोधनिबंध दिसतात. एका माणसाला हे शक्य आहे का? आणि काम चांगलं की नुसतं भरपूर, हे कसं ओळखायचं?
— प्राध्यापिका, रामदासपेठ

उत्तर : शक्य आहे, कारण इथे सर्वांत अवघड काम निबंध लिहिण्याचं नसून जुळी गोळा करून वर्षानुवर्षं टिकवण्याचं असतं. रॉबर्ट प्लोमिन यांची कारकीर्द पाहा. १९७४ मध्ये टेक्सासमधून पीएच.डी., मग कोलोरॅडोत जॉन डीफ्रीस यांच्याबरोबर दत्तक मुलांचा दीर्घ अभ्यास. त्यात २४५ दत्तक कुटुंबं आणि त्यांच्या जोडीला तुलनेसाठी तशीच साधी कुटुंबं. १९९४ मध्ये लंडनला गेल्यावर त्यांनी इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांचा हजारो कुटुंबांचा गट उभा केला. तीच मुलं दुसऱ्या वर्षापासून तरुणपणापर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. भाषा, गणित, वर्तन, झोप, शाळेचे मार्क, नंतर डीएनए. एकाच साठ्यातून दरवर्षी नवा प्रश्न विचारता येतो. सहकारी बदलतात, विहीर तीच.

त्यामुळे यादीची लांबी बाजूला ठेवा. आधी नाव कुठे आहे ते पाहा. पहिलं नाव साधारणपणे प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं गटप्रमुखाचं. दीडशे लेखकांच्या निबंधात मधलं नाव असेल, तर वाटा नमुने पुरवण्यापुरताही असू शकतो. एच-निर्देशांक ४० म्हणजे किमान ४० वेळा उद्धृत झालेले ४० निबंध. खोर्खे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेलं हे माप सोयीचं आहे, पण त्यात एक मोठं भोक आहे : निष्कर्ष पडला तरी उद्धरणं वजा होत नाहीत.

याचं उदाहरण याच शाखेत घडलं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाहतुकीशी संबंधित जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य जास्त येतं, असा निबंध २००३ मध्ये आला. त्यामागे न्यूझीलंडमधली ८४७ माणसं होती. तो हजारो वेळा उद्धृत झाला आणि त्यावर आख्ख्या कारकिर्दी उभ्या राहिल्या. २०१९ मध्ये नैराश्याची अशी १८ गाजलेली जनुकं लाखोंच्या नमुन्यांवर तपासली, तर सहज उचललेल्या इतर जनुकांपेक्षा त्यांची कामगिरी सरस नव्हती. कारण साधं आहे. एका जनुकभेदाचा परिणाम इतका बारीक असतो की काहीशे माणसांत दिसतो तो बहुतेक योगायोगच. शिक्षणाच्या वर्षांवरचे अभ्यास पाहा. २०१३ मध्ये १,२६,५५९ माणसांतून जेमतेम ३ जनुकभेद हाती लागले, २०१८ मध्ये ११ लाखांतून १,२७१.

म्हणून कोणाचंही काम जोखताना त्यांचे दहा निबंध काढा आणि प्रत्येकासमोर वहीत चार गोष्टी लिहा : नमुना केवढा, कुठल्या लोकांचा, दुसऱ्या स्वतंत्र गटात तेच निघालं का, आणि पृथक्करणाची पद्धत आधी नोंदवली होती का. सहसंबंध संशयास्पद सारखे येत असतील तर थांबा. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांच्या जोड्या २१ वरून ५३ पर्यंत गेल्या, तरी सहसंबंध तिसऱ्या दशांशापर्यंत ०.७७१ च राहिला. लिऑन कॅमिन यांनी १९७४ मध्ये बोट ठेवलं ते इथेच.

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. नागपुरातून या क्षेत्रात जायचं तर काय करावं?
— विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : या नावाची पदवी शोधत बसू नका. प्राणिशास्त्र, बायोटेक, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कुठूनही येता येतं. आधी ठरवायचं ते प्राणी की माणूस. प्राण्यांमध्ये फळमाशी स्वस्त आणि झटपट : २५ अंश सेल्सियसला अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दहा दिवस. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी माशीच्या दिनचक्राचं जनुक पकडलं आणि त्या धाग्यावरच्या पुढच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ओबेद सिद्दिकी यांनी माशीच्या वास आणि चवीवर काम उभं केलं. आज बंगळूरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) त्यासाठी पाहावं. माणसांवर काम करायचं तर बंगळूरूची मानसिक आरोग्याची संस्था निम्हान्स आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्राची संस्था एनआयबीएमजी.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट, गेट किंवा टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) विद्यावेतन १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी एसआरएफला (वरिष्ठ शिष्यवृत्ती) ४२ हजार, घरभाडं वेगळं. पण मुलं अडतात ती परीक्षेत नाही, गणितात. रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढण्याचं गणित) हाताने सोडवता आलं पाहिजे, ‘आर’ ही संगणकभाषा आणि लिनक्सची सवय हवी. हे घरी बसून फुकट शिकता येतं, आणि दुसरं वर्ष त्यासाठी लवकर नाही.

प्रश्न : थुंकीची डीएनए चाचणी करून पोट्ट्याचा कल सांगतात म्हणे. डॉक्टर की इंजिनिअर, आधीच कळलं तर ट्यूशनचा पैसा तरी वाचेल. करावी का?
— पालक, महाल

उत्तर : करू नये. विदर्भात सिकलसेलची तपासणी सगळ्यांना माहीत आहे. तिथे एकाच जनुकात एकच बदल असतो, म्हणून रिपोर्ट ठाम येतो. कलाचं तसं नाही. त्यात हजारो जनुकभेदांचे कण मिळवावे लागतात; त्या बेरजेला गुणांक म्हणतात. शिक्षणाबाबतचा सर्वांत मोठा गुणांकही युरोपीय वंशाच्या लोकांतल्या फरकापैकी सोळा टक्क्यांच्या वर स्पष्ट करत नाही. भारतीयांवर तो आणखी ढिला पडतो, कारण बांधलाच तो युरोपीय नमुन्यांवर. सख्ख्या भावंडांची तुलना केली की त्याची ताकद साधारण निम्मी होते. बोटांचे ठसे घेऊन बुद्धीचे प्रकार सांगणारे तर आनुवंशिकीच्या वाऱ्यालाही उभे नाहीत. ट्यूशनचं काय ते पोट्ट्यालाच विचारा.

प्रश्न : आमच्या जुळ्या मुलींच्या जन्माच्या वेळी दोन वारा (प्लॅसेंटा) होत्या, म्हणून त्या द्विबीज असं सांगितलं गेलं. पण ओळखू येत नाहीत इतक्या सारख्या आहेत!
— वाचक, कामठी

उत्तर : वारेवरून फसगत होते. एकबीज जुळ्यांपैकी जवळपास एक तृतीयांशांना दोन वेगळ्या वारा असतात, आणि द्विबीजांच्या दोन वारा चिकटून एकच दिसू शकते. केस, डोळे, कानाच्या पाळ्या, अनोळखी माणसाचा गोंधळ, अशा प्रश्नावलीवरून शंभरातल्या सुमारे ९५ जोड्या बरोबर ओळखल्या जातात. खात्रीच हवी असेल तर दोघींच्या गालाच्या आतून घेतलेल्या बोळ्यावर डीएनए तुलना करून घ्या. नमुना घेण्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ देऊ नका, आणि दोन्ही पाकिटांवर नावं आधीच लिहून ठेवा. अदलाबदल झाली तरी 'सारख्या की वेगळ्या' याचं उत्तर बदलणार नाही, पण एकीचेच दोन नमुने गेले तर रिपोर्ट हमखास 'एकबीज' असाच येईल.