गंजगोलाईत नाचलो, पण लोक नुसते बघत राहिले

प्रश्न : ताई, मतदार नोंदणीसाठी आम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी लातूरच्या गंजगोलाईत अचानक नाच केला, फ्लॅश मॉब. लोकांनी मोबाइल काढले, टाळ्या मोजक्याच. एक फळवाले मामा तर चिडलेच. असं का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाळा, मामांचा राग मला पटतो. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. ऐन गिऱ्हाइकीत गाड्यापुढं घोळका थांबला की धंदा बसतो. पुढच्या वेळी आधी त्यांना विचारा, पोलिसांनाही.

लोक बघत राहिले याचं मात्र वाईट वाटून घेऊ नकोस. नोव्हेंबर 2011 मध्ये मुंबईच्या सीएसटी स्थानकात दोनशेच्या आसपास लोक अचानक नाचले, तिथंही प्रवासी थबकून बघतच होते. आपल्याकडं पोतराजाचा आसूड कडाडला की बाया सुपात जोंधळे घेऊन दारात येतात. काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं. तुमच्या नाचात लोकांनी काय करायचं, हे कुणी सांगितलंच नाही! (स्पीकरऐवजी हलगी घ्या, माणसं जवळ येतात.) आणि नाच संपला की लगेच पांगू नका. तिथंच बसून नमुना 6, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, भरून द्या, मामांच्या घरच्या पोरांपासून सुरुवात करा.