‘कॉटेज हॉस्पिटल’, म्हणजे गावातलंच छोटं रुग्णालय, ही कल्पना मुळात आली कुठून?

इंग्लंडमधल्या एका गावच्या डॉक्टरकडून. सरे परगण्यातल्या क्रॅनली गावात १८५९ साली डॉ. आल्बर्ट नॅपर यांनी पहिलं कॉटेज हॉस्पिटल काढलं. जागा म्हणजे अक्षरशः एक जुनं घर, तिथल्या पाद्र्याने बिनभाड्याने दिलेलं. खाटा जेमतेम सहा. तोवर शेतावर कुणाचा पाय मोडला, की त्याला खडखडत्या गाडीत घालून दूरच्या शहरात न्यावं लागे. इथे गावचाच डॉक्टर, एक परिचारिका, आणि रुग्णाने ऐपतीप्रमाणे आठवड्याला द्यायची थोडी रक्कम. मला हेच फार मोलाचं वाटतं, कारण त्यात लाचारी नव्हती. उरलेला खर्च वर्गणीतून भागे. पुढे अशी शेकडो रुग्णालयं निघाली. १९४८ मध्ये त्यांतली बहुतेक ब्रिटनच्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवेत (एनएचएस) गेली.