अर्धा किलो बाकरवडी

प्रिय बाळा,

सलाम.

डबा मिळाला. तू वॉचमनकडे ठेवून गेलास, वर आला नाहीस, तेही कळलं. काकूने उघडला तर आत चांगली अर्धा किलो बाकरवडी. खाल्ली आम्ही, खोटं कशाला बोलू, दोन दिवसांत चहाबरोबर संपवली. पण काकू म्हणाली, अहो त्या पोराची नोकरी जाऊन तीन महिने झाले आणि आपल्या चार चपात्या न् वाटीभर भाजीची हा अशी परतफेड करतोय, ह्याला झालंय तरी काय. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. फोनवर तू "काका मी ठीक आहे, देव बघून घेईल" एवढंच बोलून ठेवून देतोस, म्हणून हे टाइप करून पाठवतोय, एका बोटाने, चुका चालवून घे.

तर "देव बघून घेईल" ह्याबद्दलच बोलायचंय. वाक्य खरं आहे रे, पण तू ते आतून कडी लावल्यासारखं वापरतोस. हिंजवडीच्या आयटी कंपनीत आधी दोन महिने बेंचवर, म्हणजे काम न देता नुसतं बसवलं, मग राजीनामा लिहून घेतला, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालूच, गावी आईवडिलांना अजून पत्ता नाही, पाच रविवार तू चर्चमध्ये उपासनेला नाहीस, आणि कोणी विचारलं की देव बघून घेईल. बघतोच आहे तो. पण त्याने पाठवलेला माणूस दारात आला की तू म्हणणार नको, मी ठीक आहे.

मी काही मोठा शहाणा म्हणून सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतोय. १९९८ साली मी भोसरीच्या एका कंपनीत टर्नर होतो आणि एका सकाळी फर्स्ट शिफ्टला गेलो तर गेटला टाळं, वर नोटीस चिकटवलेली. आज उघडेल उद्या उघडेल करत अकरा महिने गेले. तेव्हा मी मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, खजिनदार होतो. उपासना झाली की दानाच्या थैल्या ओतायच्या, नोटा सरळ करायच्या, चिल्लर वेगळी काढायची, सोमवारी बँकेत भरायची. मदत निधीचं रजिस्टर पण माझ्याकडेच. आजारपणाला, शाळेच्या फीला कोणी मागायला आलं की मी विचारायचो, घरी टीव्ही आहे का, नवरा पितो का, मागच्या वेळचे कुठे खर्च केले. आणि नावापुढे शेरा मारायचो, "चौकशी करून द्यावे". एका विधवा बाईला आठशे रुपयांसाठी मी तीन रविवार हेलपाटे घालायला लावले होते. पैसा देवाचा आहे, नीट सांभाळायला नको का, असं वाटायचं. त्याला मी जबाबदारी म्हणत होतो.

कंपनी बंद होऊन पाचवा महिना लागला. दुकानदाराने उधारी बंद केली, थोरल्याची फी थकली, आणि मी मात्र रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून व्हेस्ट्रीत, चर्चमागच्या खोलीत बसून लोकांचे पैसे मोजतोय. कोणाला काही सांगितलं नव्हतं. एका रविवारी शंभराच्या नोटेवर हात थांबला माझा. घेतली नाही, देवाची दया. पण त्या रात्री झोप आली नाही, कारण मला कळलं होतं की मी चोरी करायला तयार झालोय पण मागायला नाही.

सोमवारी पाळकसाहेबांकडे, चर्चच्या धर्मगुरूंकडे गेलो आणि सगळं ओकलो, नोटेचं पण. त्यांनी उपदेश केला नाही, वचन पण वाचलं नाही. कपाटातून रजिस्टर काढलं, पेन दिलं आणि म्हणाले, लिहा. खजिनदार मीच ना, लिहिणार कोण दुसरं? बारावं नाव माझं, माझ्याच अक्षरात. मी विचारलं, साहेब शेऱ्यात काय लिहू? ते काहीच बोलले नाहीत, कपात चहा ओतत राहिले. तो रकाना मी कोरा ठेवला. वरची अकरा नावं आणि त्यांच्यापुढचं माझं सुबक अक्षर, ते काही बघवेना.

दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री बायबलमधला योहान १३ वाचतात बघ, आणि दरवर्षी संदेश तोच, येशूने पाय धुतले, तुम्ही पण दुसऱ्याची सेवा करा. बरोबरच आहे. पण त्या शिष्याकडे, पेत्राकडे जरा नीट बघ. तो म्हणतो, प्रभू, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र! आणि येशू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. इतकं कडक उत्तर का, ते मला त्या रजिस्टरच्या रकान्यासमोर समजलं. पाय धुणाऱ्याला निदान आपण काहीतरी करतोय हे समाधान असतं, धुवून घेणाऱ्याला आपले मळके पाय पुढे करून नुसतं बसावं लागतं. तुझी बाकरवडी मला पेत्रासारखीच वाटली, राग मानू नकोस.

तुझ्या डीपीला पौलाच्या पत्रातलं वचन आहे, फिलिप्पै ४:१३, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो, ते. जिमवाले पण लावतात आजकाल. आता त्याच्या पुढची ओळ वाच, १४. पौल म्हणतो, तरी पण माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. कैदेत बसून लिहितोय, आणि एपफ्रदीत नावाचा माणूस त्याच्यासाठी मदत घेऊन आलाय त्याबद्दल सगळ्यांसमोर आभार मानतोय. पौलाने "देव बघून घेईल" म्हणून एपफ्रदीताला दारातून परत पाठवलं असतं का?

आणि तो एलीया संदेष्टा. दुष्काळात देवाने त्याला खायला कोणाकडून पाठवलं, तर कावळ्यांकडून. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्षी, त्याच्या चोचीतून भाकरी आणि मांस, सकाळ संध्याकाळ. आपल्याकडे माणसं कावळ्याला घास ठेवतात, तिथे कावळ्याने माणसाला घातला. माझा कावळा म्हणजे खडकीच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या भाभी. बातमी फुटल्यावर त्या रोज संध्याकाळी डाळीचा डबा पाठवायच्या. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात म्हणून काकू त्यात घरातली होती नव्हती ती चमचाभर साखर घालून पाठवायची. चौथ्या दिवशी भाभी डबा घेऊन दारात, चिडलेल्या, "फिर शक्कर डाली तो डब्बा नहीं भेजूँगी."

गेल्या वर्षी तरुण संघाबरोबर केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला आपण गेलो होतो, तू बसमध्ये झोपलेलास. त्यांची आठवण एवढ्यासाठी काढतोय की १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण काही महिन्यांत गेले, आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की भीक मागायला किंवा हलकं काम करायला आमचा अभिमान आड येत होता. उपासमार सोसली पण हात पुढे केला नाही. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, आणि तीच बाई काही वर्षांनी अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत विधवांच्या शाळेसाठी लोकांकडे मदत मागत होती. म्हणून १८८९ मध्ये शारदा सदन उभं राहिलं. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या तेव्हा त्यांना नुसती दया आली नसणार, स्वतःच्या पोटाची आठवण झाली असणार. असं मला वाटतं, पुस्तकात लिहिलेलं नाही.

आता तू म्हणशील, मागितलं की नोकरी मिळेल का. माहीत नाही. माझी कंपनी परत उघडलीच नाही. थोडेफार पैसे हातात टेकवले, मी दीड वर्ष टेम्पो चालवला, मग एका छोट्या वर्कशॉपमध्ये निम्म्या पगारावर लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. का झालं हे अजून कळलेलं नाही. पौलाने पण त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं एक दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली होती, काटा तसाच राहिला, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर आलं. तेव्हा तू जो यूट्यूबवाला बघतोस ना, इतके पाठवा म्हणजे देव शंभरपट देईल म्हणणारा, त्याला एक रुपया पाठवायचा नाही, सांगून ठेवतो. आणि तुझा विश्वास कमी पडला म्हणून नोकरी गेली असं मंडळीतलं कोणी बोललं असेल तर मला नाव सांग, त्याच्याशी मी बोलतो. बायबलमधल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस नुसते गप्प बसले होते तेवढंच त्यांनी बरं केलं, तोंड उघडलं आणि घोळ झाला.

कामाचं बोलतो. हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जा आणि खरं काय ते सांग, मी येतो सोबत, मॅनेजरसमोर बोलायची लाज मला आता उरलेली नाही. वडिलांना फोन कर, मेसेज नको. चाकणला आपल्या मंडळीतले दोघं आहेत, त्यांना बायोडाटा दे, आयटीचं काम नसेल तरी दे. रात्री प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना म्हण आणि झोप, त्यात आजची भाकर मागितलीये, वर्षभराचं पॅकेज नाही.

रविवारी साडेआठला ये, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल. उपासनेनंतर कमिटीतलं कोणीतरी तुझ्याकडे पाकीट घेऊन येईल, मीच सांगितलंय, आता रागव. घे.

बुधवारी काकू परत डबा पाठवतेय, सुकटीची चटणी आणि भाकरी. तो रिकामा आणून दे. आणि वॉचमनकडे नको, वर ये.

तुझा,
काका